आधी 'नाही' म्हणणाऱ्या वहिनींस

वहिनी, तुम्ही जाऊन आज अठरा दिवस झाले आणि या अठरा दिवसांत "वृंदे, तुझं चुकतंय" असं मला एकदाही कोणी म्हटलेलं नाही. लग्न होऊन या घरात आल्याला एकतीस वर्षं झाली, पण इतकी सलग शांतता मी इथे कधी अनुभवली नव्हती. पहिले दोन दिवस वाटलं, दुःखाने कान बधिर झाले असतील. मग लक्षात आलं, दुःख आहेच, पण कानांना काम राहिलेलं नाही हे वेगळंच.

भेटायला येणारे लोक काय काय बोलून जातात ते तुम्ही ऐकायला हवं होतं. "फार शांत बाई हो," असं एक गृहस्थ म्हणाले. मी पदर तोंडाला लावला. त्यांना वाटलं मला हुंदका आला, त्यांनी पाणी आणायला सांगितलं. खरं तर मला हसू आवरत नव्हतं. भिंतीवर लावायला फोटो शोधायला बसलो, तर तोंड मिटलेला तुमचा एकही फोटो सापडेना. तुमच्या राजाच्या लग्नातल्या फोटोत तुम्ही भटजींना काहीतरी समजावताय. वेळणेश्वरला गेलो होतो त्या फोटोत नारळवाल्याला. शेवटी आधार कार्डावरचा मोठा करून घेतला. त्यात तुम्ही गप्प आहात, पण समोरच्याचं काही पटलेलं नाही हे चेहऱ्यावर स्वच्छ दिसतंय. सगळे म्हणाले, हुबेहूब आलाय.

मी नवी नवरी, तुमची धाकटी जाऊ म्हणून आले तेव्हा तुम्ही मागच्या पडवीत आंबापोळी, फणसपोळी नि कोकमं करून विकत होतात. मे महिन्यात चाकरमानी यायचे आणि मुंबईला परत जाताना वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीने बांधून तुमच्याकडून पोळी न्यायचे. मी देवरूखच्या कॉलेजातून बी.कॉम. झालेली. डोक्यात कल्पना नुसत्या उकळत होत्या. आठवड्याभरात मी तुम्हाला सांगितलं, की वर्तमानपत्र बरं दिसत नाही, आपण प्लास्टिकची पिशवी आणि नावाची चिठ्ठी करू.

"कागदाला काय धाड भरल्ये?" तुम्ही म्हणालात.

मी दोन दिवस फुगून बसले. मग पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तुम्ही कोकमं फोडत राहिलात. चौथ्यांदा मी चिडून राजापूरच्या बाजारातून पिशव्याच घेऊन आले, एकीत पोळी भरली, दुसरी पोळी कागदात गुंडाळली आणि दोन्ही चार दिवस ओल्या पडवीत ठेवून तुमच्यापुढे आणून आपटल्या. कागदातलीला शाई लागली होती, तुमच्या आंबापोळीवर कुठल्याशा सभेची बातमी उलटी उमटली होती. तुम्ही चष्मा लावून ती बातमी पूर्ण वाचलीत आणि म्हणालात, "हे पहिल्यांदाच नाही का दाखवायचंस?"

एवढा संताप आला होता मला! सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तशी ही बाई, असं मी माहेरच्या पत्रात लिहिलं होतं. तुमची पद्धत कळायला मला दहा-बारा वर्षं लागली. नवीन काही सुचलं की आधी नाही म्हणायचं. सुचवणारा परत आलाच नाही, तर सुचलेलं फुसकं होतं. परत आला, तर या वेळी कारण घेऊन येतो. आणि कारण घेऊन आला, की त्याच्याशी कडाकडा भांडायचं, कारण भांडल्याशिवाय त्या कारणातली भोकं दिसत नाहीत. गॅसची शेगडी अशीच आली. मिक्सर असाच आला. मागची पडवी सोडून आपण वाडीतल्या मांगरात, त्या मोठ्या छपराखाली गेलो, आठ बायका कामाला लागल्या, तेही असंच. प्रत्येक वेळी तुम्ही आधी विरुद्ध होतात आणि नंतर ती मूळ तुमचीच कल्पना होती.

मागे तालुक्यातल्या एका कार्यक्रमात तुम्हाला भाषणाला बोलावलं होतं, आठवतंय? विषय होता 'बदलत्या काळातील उद्योजक'. वीस मिनिटं दिली होती. मी रात्री जागून चार पानं लिहून दिली. तुम्ही ती पानं पर्समध्ये ठेवलीत, माईकसमोर उभ्या राहिलात आणि म्हणालात, "काळ बदलतो तेव्हा आपल्याला काय कळत नाही. गिऱ्हाईक ओरडतं तेव्हा कळतं. म्हणून गिऱ्हाइकाला ओरडू द्यावं. घरात ओरडणारं कोणी असेल तर फारच बरं. माझी जाऊ आहे." आणि खाली येऊन बसलात. उरलेली साडेएकोणीस मिनिटं सूत्रसंचालकाने कशी भरून काढली ते देवाला माहीत. माझी चार पानं पुढे तुम्ही डब्याखाली घालायला वापरलीत, तेही मला माहीत आहे.

पण खरी लढाई झाली ती पोळी वाळवायच्या ड्रायरवरून. दोन वर्षं मी त्याच्यामागे लागले होते. तुम्ही त्याला 'वृंदाचं कपाट' म्हणायचात. "पोळीला उन्हाचा वास लागतो गो. कपाटात कसला वास लागायचा, डांबराच्या गोळीचा?" त्या मे महिन्यात मात्र आंबा उतरला आणि नेमकं मळभ आलं. ऊन नावाला नाही. पुढच्या अंगणातल्या खळ्यात मांडलेली चाळीस ताटं चार दिवस ओलीच, पाचव्या दिवशी त्यांना आंबूस वास यायला लागला. तुम्ही कोणाला हात लावू दिला नाहीत. एकटीने एकेक ताट उचललंत, नारळाच्या आळ्यात खरवडून टाकलंत आणि दुसऱ्या दिवशी चहा पिताना मला विचारलंत, "ते कपाट किती दिवसांत येतं?"

कपाट आलं. आता पुढची गंमत. पाकिटं आपण हंगामाआधीच छापून घेतली होती आणि त्यांच्यावर ठळक अक्षरांत होतं, 'कोकणच्या कडक उन्हात वाळवलेली'. मी म्हटलं वरून कागद चिकटवू. तुम्ही म्हणालात, "चिकटवलेल्याखाली काय आहे ते लोक नखाने काढून बघतात. मी बघते." मग तुम्ही तोडगा काढलात. ड्रायरमधून निघालेलं प्रत्येक ताट बाहेर न्यायचं आणि ढगांतून येईल ते ऊन तासभर दाखवायचं, म्हणजे छापलेलं खोटं ठरणार नाही! मी डोक्याला हात लावला. आठ बायका दिवसभर ताटं घेऊन आत-बाहेर करतायत आणि तुम्ही हातात घड्याळ घेऊन उभ्या. विजेवर सुकवलेल्या पोळीला सूर्यदर्शन घडवणारं अख्ख्या जिल्ह्यात आपलंच घर असेल. तिसऱ्या दिवशी खालच्या रस्त्याच्या कामावरून वाऱ्याचा एक लोट आला आणि साठच्या साठ ताटांवर तांबडी धूळ बसली.

तुम्ही पायरीवर बसलात. मला वाटलं आता काही खरं नाही. आणि तुम्ही हसायला लागलात. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "गो वृंदे, मेलं ते खरेपण! लोकांना सरळ सांगून टाकू." तुम्ही फोन ताटासारखा आडवा धरलात आणि सगळ्या गिऱ्हाइकांना आवाजी निरोप पाठवलात. तो माझ्याकडे अजून आहे: "नमस्कार. मी मालती बोलत्ये. यंदा ढग आले. पोळी यंत्रात वाळवल्ये. पाकिटावर उन्हात असं छापलंय, ते आधी छापलेलं आहे, ते खरं मानू नये. माझी जाऊ म्हणते चव तीच आहे. मला अजून पटलेलं नाही. खाऊन सांगा."

लोकांनी खाल्लं आणि सांगितलंही. पुण्याच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी तर गेल्या वर्षीची नि यंदाची पोळी शेजारी ठेवून चार मिनिटांचा निरोप पाठवला. निम्मे तुमच्या बाजूचे, निम्मे माझ्या. त्या वर्षी माल गौरी-गणपतीच्या आधीच संपला. पुढच्या वर्षीच्या पाकिटावर तुम्ही काय छापायला लावलंत? 'उन्हात किंवा यंत्रात वाळवलेली. त्या त्या वर्षी विचारावे.' छापणारा दोनदा फोन करून विचारत होता, नक्की हेच ना?

आता एक गोष्ट सांगायची राहिली आहे, ती सांगते. ड्रायर आल्यावर कावळे हाकायचं काम राहिलं नाही. शेवंती इतकी वर्षं काठी घेऊन खळ्यात बसायची, तिला आता काय काम, असं मी म्हटलं. आणखीही म्हटलं, "आपण काय धर्मशाळा काढल्ये?" तुम्ही भांडला नाहीत. एवढंच म्हणालात, "तिला नको म्हणायचं तर तू सांग. माझ्यासमोर सांग." माझी हिंमत झाली नाही, आणि तुम्ही दोन दिवस माझ्याशी अवाक्षर बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी शेवंतीच्या हातात फोन दिलात. तिला लिहिता-वाचता येत नाही, म्हणून मी कपाळावर हात मारला. पण तिला माणूस आवाजावरून कळतो. ठाण्याची खोकणारी बाई, नाशिकचे घाईतले काका, सगळे तिला पाठ. कोणाला गोड जास्त झाली होती, कोणाच्या सुनेला दिवस गेलेत, सगळं तिच्या डोक्यात. ती आवाजी निरोप ऐकते, आवाजी उत्तर पाठवते. कोणी पोळी चिवट आहे म्हणालं तर "दात दाखवून या आधी" म्हणते आणि दुसऱ्या दिवशी जादा पाकीट पाठवायला लावते. लोक तिची बोलणी खायला फोन करतात. मी तुम्हाला "माझं चुकलं" असं तेव्हा म्हणायला हवं होतं. रोज समोर होतात, रोज वाटायचं आज म्हणू, आणि रोज काहीतरी दुसरं भांडण निघायचं. माझं चुकलं होतं, वहिनी. तुम्ही तिला ठेवून घेतलंत हे फार मोठं केलंत.

शेवटचं भांडण अर्धंच राहिलं आपलं. मुंबईच्या त्या कंपनीचे साहेब आले होते. आपण करू तेवढा सगळा माल ते घेणार, फक्त पाकीट त्यांचं, नावही त्यांचं. तुम्ही त्यांना कोकम सरबत दिलंत आणि आंबापोळीची वडी पुढे केलीत. ते म्हणाले, शुगर आहे, खात नाही. "मग तुम्हाला आमची चव कळायची कशी?" असं तुम्ही विचारलंत आणि ते उगाच फाइल चाळत बसले. ते गेल्यावर आपली जुंपली. मी म्हटलं, आता मोठ्या दुकानांचे दिवस आहेत, आपण दोघी किती पुरणार, ऑर्डरी, पार्सलं, तक्रारी कोण कोण निस्तरणार? तुम्ही म्हणालात, "तक्रार घरात यायला हवी. ती दुसऱ्याच्या घरी गेली की आपण म्हातारे झालो समज."

दवाखान्यातही तेच. डॉक्टरांनी बोलायचं नाही म्हणून सांगितलेलं, आणि तुम्ही नाकावरचा मास्क बाजूला करून मला विचारताय, "त्यांना नाही कळवलंस ना?" मी म्हटलं, "तुम्ही बऱ्या व्हा, मग बघू." खरं ते सांगितलं नाही. आदल्याच दिवशी मी त्या साहेबांना फोनवर म्हटलं होतं, की तुम्ही हो धरून चाला. एकतीस वर्षांत तुमच्या पाठीमागे मी केलेली ही एकच गोष्ट. ती काळाची पावलं ओळखून केली असं मी स्वतःला समजावत होते. पण त्या दिवशी तुमचा हात हातात घेतला तेव्हा तो इतका हलका लागला, की मी घाबरले. तुमच्याशिवाय हे सगळं मला रेटता येणार नाही, असं मनाने घेतलं होतं. म्हणून मी हो म्हटलं.

तेरावं झालं आणि साहेबांचा फोन आला. हंगाम तोंडावर आहे, सोमवारपर्यंत पक्कं कळवा. मी यांना विचारलं. "तुला योग्य वाटेल ते कर." राजाला विचारलं, तुमच्याच पोटचा आहे म्हणून मोठी आशा होती. "काकू, तू ठरव, आमची काहीच हरकत नाही." मग मांगरात आठही जणींना बोलावलं आणि सगळं नीट समजावून सांगितलं. कंपनी माल घेईल, काम सुटणार नाही, डोकेदुखी जाईल, नाव मात्र राहणार नाही. माना हलल्या. "तुमी म्हनाल तसं, धाकल्या वैनी."

तेव्हा मला पहिल्यांदा नीट रडू आलं, वहिनी. तुम्ही गेलात त्या सकाळीही असं आलं नव्हतं. या घरातली पिशवीसुद्धा तुमच्या नकाराखालून गेल्याशिवाय आली नव्हती, आणि एवढी मोठी गोष्ट कोणी बोटसुद्धा न लावता पुढे चालली होती. मी डोळे पुसले आणि म्हटलं, "कोणालाच काही बोलायचं नाही?"

"मना नाय पटलं," शेवंती म्हणाली. फोन मांडीवर होता, मान खाली होती.

"का नाही पटलं?"

"तुमी भ्यालाव म्हनून देताव. भिऊन दिलेली वस्तू परत मागायला त्वाँड ऱ्हात नाय."

मला राग आला. अगदी जुना, ओळखीचा राग. "तुला कंपनीतलं काय कळतं गं?"

"मना कंपनी नाय कळत. तुमी कळताव."

बाकीच्या सात जणी भिंतीला चिकटल्या. मी आवाज चढवला, तिनेही चढवला. मी म्हटलं, वहिनी नाहीत आता, चव कोण बघणार? ती म्हणाली, "थोरल्या वैनी चव बगायच्या, पन चूक झाली तर सांगायचं कोन? तुमीच ना?" मी म्हटलं, पार्सलं वेळेवर जाणार नाहीत. ती म्हणाली, "नाय ग्येली तर मी बोलनी खाईन, माझं तेच काम हाय." मी म्हटलं, काळ बदललाय, लहान माणसाचं आता चालत नाही. ती म्हणाली, "काळ बदलला तवा थोरल्या वैनीनं मना कावल्यांवरनं फोनवर बसवलान. तुमी मना कुठं बसवनार, त्या सायबाच्या मांडीवर?" भिंतीला चिकटलेल्यांपैकी कोणीतरी फस्सकन हसलं, आणि मग सगळ्याच तोंडं उघडून बोलायला लागल्या. एकीला कंपनी हवी होती, एकीला अर्धा माल द्यावा असं वाटत होतं. जेवणाची वेळ टळली. माझी एकेक कारणं तिने अशी सोलून ठेवली, की शेवटी माझ्याकडे भीती तेवढी उरली, आणि तिला कारण म्हणणं मलाच बरं वाटेना.

मी सगळ्यांसमोर साहेबांना फोन लावला आणि नाही म्हणून सांगितलं. आधी हो म्हटलं होतं ती माझी चूक, असंही सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, पुढे पस्तावाल." असेलही तसं. पस्तावले तर कळेल तुम्हाला, माझा आवाज तुमच्यापर्यंत पोचायला कधी अडचण आलेली नाही.

परवा आंब्याची पहिली खेप येतेय. सकाळी आठला रस काढायला बसू असं मी सांगितलं, तर शेवंती म्हणते सातला बसायचं. मी साखर थोडी कमी करू म्हटलं, तिने तुमच्यासारखीच मान फिरवली. काल दुपारपासून ती माझ्याशी बोलत नाही आणि मीही तिच्याशी बोलत नाही. तुम्ही अगदी निश्चिंत असा, वहिनी. आमचं अजिबात पटत नाही.